गोदाचे खालचे दोन दात

देवरूखजवळच्या एका वाडीत गोदा अंगणवाडी सेविका आहे. गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास तिच्या वर्गातल्या संस्कृती नावाच्या चार वर्षांच्या मुलीने सगळ्यांसमोर जाहीर केले, "बाईंचे दात वाढतायत." त्यावर लगेच वाद सुरू झाला. खोटं बोलणाऱ्याचे दात वाढतात, असे एकाचे म्हणणे पडले. बाई खोटं बोलत नाहीत, असे दुसरीने ठणकावून सांगितले. गोदा हसली आणि तिने मुलांना गाण्याकडे वळवले. मात्र घरी गेल्यावर तिने खिडकीतल्या उजेडात आरसा धरला. खालच्या ओळीतले मधले दोन दात शेजारच्या दातांपेक्षा खरोखरच लांब दिसत होते, आणि त्यांचा बुंधा पिवळसर झाला होता.

गोदाचे वय तेव्हा एकावन्न. तिच्या वाडीत पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे पुढचे दात शाबूत असले तर तेच नवल. दात पडणे हे केस पिकण्यासारखेच धरले जाते. त्याबद्दल कोणी विचारत नाही, कोणी रडत नाही. फार झाले तर कवळी बसवतात आणि ती सणासुदीला वापरतात. गोदाने हे मान्य केले असते तर कोणी तिला दोष दिला नसता. पण बावीस वर्षे ती लहान मुलांना दात घासायला शिकवत आली होती. आपले दात आपण राखू शकतो, हे वाक्य तिने इतक्या वेळा उच्चारले होते की ते खरे आहे की नाही, हे तिला आता स्वतःपुरते तपासून पाहावेसे वाटले.

रत्नागिरीत हिरड्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर उमैमा मुकादम यांच्याकडे ती गेली. त्यांनी तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मशेरी किती वर्षं लावता, गोदाताई?"

गोदाने बोटांवर वर्षे मोजून पाहिली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून."

"दात वाढलेले नाहीत. हिरडी खाली गेलीय. आणखी खाली गेली तर दात हलतील आणि पडतील. टाळूची थोडी त्वचा काढून मी तिथे लावू शकते. पण तिथे हाड पातळ आहे. हे एकदाच नीट होईल, पुन्हा करायला जागा उरणार नाही. आणि मशेरी सुटल्याशिवाय मी हात लावणार नाही. आधी एक महिना आणि पुढे कायमची."

"म्हणजे तुम्ही कलम बांधणार."

"हो. आणि बांधलेलं कलम कोणी हलवून बघत नाही. तेवढं तुम्ही सांभाळायचं."

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरलेली तंबाखू. पहाटे चूल पेटण्याआधी वाडीतल्या बायका मागील दारी बसतात आणि बोटाने ती दातांवर, हिरड्यांवर घासतात. तिला व्यसन म्हणणे बरोबरच आहे, आणि गोदाच्या अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यावर तसेच लिहिलेले होते. परंतु त्या तक्त्यावर जे लिहिलेले नव्हते तेही खरे होते. दिवसभरात बाईकडे कोणी काही मागत नाही असा तो एकमेव अर्धा तास असतो. तोंडात मशेरी असते तोवर नवरा चहा मागत नाही, सासू हाक मारत नाही. ज्या समाजाने बाईला विश्रांतीचा दुसरा कोणताही मान्य प्रकार दिला नाही, त्याने या एका विश्रांतीची किंमत तिच्याच हिरड्यांतून वसूल केली. उपदेश करणारे बहुतेक लोक किंमत तेवढी दाखवतात. विश्रांतीची सोय कोणी सांगत नाही.

गोदाने मशेरी सोडली, पण मागील दारची बैठक सोडली नाही. पहिल्या आठवड्यात तिचे डोके दुखले, शौचाला होईना. तरी ती रोज पहाटे रिकाम्या बोटांनी बायकांमध्ये जाऊन बसत असे. तिची थोरली जाऊ विमला तिला सोडेना.

"काय गो, डॉक्टरनीन तोंडाला कुलूप घातलंन काय?"

"कुलूप कसलं, आक्का. किल्ली माझ्याकडेच हाय."

"आमी काय मेलो मशेरी लावून? माझी आय ऐंशी वर्सं जगली."

"जगली. पण शेवटची तीस वर्सं भात चावला नाय तिनं. गिळला."

विमलाला हे लागले. त्यानंतर चार दिवस ती गोदाशी बोलली नाही. दोघींची घरे एकाच भिंतीने जोडलेली, दोघींचे नवरे मुंबईला, त्यामुळे तो अबोला दोघींनाही जड गेला. पाचव्या दिवशी विमला स्वतःच चुलीवरचे गरम पाणी घेऊन आली आणि काही घडले नसल्यासारखी बोलू लागली.

पौषात शस्त्रक्रिया झाली. टाळूवरून काढलेला नखाएवढा तुकडा खालच्या दोन दातांच्या बुंध्यापाशी बारीक टाक्यांनी शिवला गेला. परत निघताना डॉक्टरांनी सूचना सांगितल्या, आणि गोदाने त्या एसटीत बसल्या बसल्या वहीत स्वतःच्या अक्षरात पुन्हा उतरवून काढल्या. घरी आल्यावर वहीतला तो कागद फाडून तिने स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. इतरांसाठी तिने आयुष्यभर कागद चिकटवले होते. हा पहिलाच तिच्या स्वतःसाठी होता.

त्यात लिहिले होते की त्या जागी ब्रश लावायचा नाही, बाकीचे दात मात्र रोज घासायचे. जेवण मऊ आणि कोमट. तिखट, आंबट, कडक काही नाही. नळीने काही ओढून प्यायचे नाही. दिलेले औषधी पाणी तोंडात घ्यायचे, मान हळूच डावीउजवीकडे कलवायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचे, थुंकायचे नाही. टाळूतून रक्त आले तर गॉज, म्हणजे जाळीदार कापडाचा तुकडा, भिजवून वीस मिनिटे दाबून धरायचा, मधे उचलून बघायचे नाही. डोके उंच ठेवून निजायचे. सगळ्यात शेवटी दोन रेघा मारून लिहिले होते: ओठ ओढून पाहायचे नाही, पाहू द्यायचे नाही.

ही शेवटची सूचना पाळणे सर्वांत कठीण ठरले. आपल्याकडे आजाऱ्याची विचारपूस म्हणजे जखम पाहणे. ज्याने जखम पाहिली नाही त्याने विचारपूस केली असे कोणी धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका येऊ लागल्या. प्रत्येकीने केळी आणली, कोणी अंडी आणली, आणि प्रत्येकीचे पहिले वाक्य तेच होते, "दाखव बघू." एका चुलत सासूने तर थेट हात पुढे केला. गोदाने तो हात हवेतच धरला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिला खाली बसवले. बोलणे कमी करायचे असल्याने तिने अंगणवाडीतली पाटी घरी आणली होती. तिच्यावर तिने लिहिले, "हिरडी बरी आहे. चहा घ्या." पाटीवरचा हा निरोप वाडीत दोन दिवस विनोदाचा विषय झाला.

तिसऱ्या दिवशी मात्र ती स्वतः घाबरली. तोंड धुताना ओठ थोडा खाली आला आणि आरशात तो तुकडा पांढरा फटक दिसला. ती जागा सडली असे तिला वाटले. डॉक्टरांना फोन लावला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की सुरुवातीला वरचा पापुद्रा पांढरा पडतो, तो सुटून जाईल, खाली रक्त धरत असेल, आणि तिने आता आरशापासून लांब राहावे. गोदाने आरसा ट्रंकेत टाकला.

सगळ्यांत मोठी चूक पाचव्या दिवशी झाली, आणि ती अज्ञानाने झाली नाही. नियम तिला पाठ होते. दुपारी तिने कोमट पेज घेतली, ताटली उचलली, मोरीवर गेली, आणि लहानपणापासून प्रत्येक जेवणानंतर केले तेच केले. तांब्यातले पाणी तोंडात घेतले, गाल फुगवून खळखळून चूळ भरली आणि जोराने थुंकली. जेवून चूळ भरल्याशिवाय आपल्याकडे तोंड स्वच्छ होत नाही, उष्टेच राहते. उष्ट्या तोंडाने देवाला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या भांड्याला लावायचा नाही. हे कोणी शिकवत नाही, ते अंगात मुरलेले असते, आणि म्हणूनच दाराला चिकटवलेल्या कागदापेक्षा ते वेगाने धावते.

मोरीत लाल पाणी पडले. मग नुसते रक्त.

तिचा आवाज ऐकून विमला भिंतीपलीकडून धावत आली. तिने पाहिले, ती परत फिरली आणि क्षणात हातात मशेरीची डबी घेऊन उभी राहिली. "तोंड उघड. चिमूटभर दाबली की थांबतंय. माझ्या दाढेचं असंच थांबवलं होतं."

विमलाच्या मनात या वेळी टोमणा नव्हता. तिला ठाऊक असलेले एकमेव औषध ती आणत होती, आणि प्रेमाने आणत होती. गोदाला दीड महिन्यात मशेरीचा वास इतक्या जवळून आला नव्हता. तिने नंतर सांगितले की त्या क्षणी तिला रक्ताची भीती कमी आणि त्या वासाची ओढ जास्त वाटली. तिने मान हलवली. डॉक्टरांनी दिलेल्या पुडीतला गॉजचा तुकडा काढला, पाण्यात भिजवला, पिळला आणि टाळूवर बोटाने घट्ट दाबून धरला. दुसऱ्या हाताने तिने दाराकडे बोट दाखवले. विमलाने कागद वाचला. ती अक्षर अक्षर लावून वाचते.

"वीस मिनटं दाबायचं लिवलंय," विमला म्हणाली. "मधे उचलून बघायचं नाय."

तिने मशेरीची डबी कमरेला खोचली, समोर पाटावर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. आठ मिनिटांनी गोदाचे बोट ढिले पडू लागले तेव्हा तिने तिचे मनगट धरून वर ठेवले. "उचलू नको. आजून बारा मिनटं होऊ दे. मी बघतंय." वीस झाल्यावर तिने आणखी दोन मिनिटे वाढवली, डॉक्टरनीवर आपला विश्वास नाही म्हणून. गॉज काढला तेव्हा रक्त थांबलेले होते.

दुसऱ्या दिवशी दोघी पहिल्या गाडीने रत्नागिरीला गेल्या. डॉक्टरांनी पाहून सांगितले की रक्त टाळूच्या जखमेतून आले होते. दातांपाशी लावलेला तुकडा जागेवर होता, पण कडेचा एक टाका सैल झाला होता. "पुन्हा असं झालं तर तो सुटेल," त्या म्हणाल्या. "मग मी काही करू शकणार नाही. हे नक्की लक्षात ठेवा."

गोदाने यावर जो उपाय केला तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात स्वतःच्या निश्चयावर भरवसा नव्हता. आपला निश्चय मोरीवर टिकत नाही, हे तिने मान्य केले होते. म्हणून तिने मोरीच बदलली. तांब्या माळ्यावर ठेवला. जेवायला ती स्वयंपाकघरात बसेनाशी झाली, पुढच्या ओटीवर बसू लागली, जिथे हाताशी पाणी नसे. जेवण झाले की औषधी पाण्याची बाटली, मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि पाणी हळूच पडू द्यायचे. मग स्वच्छ ओला कपडा ओठांवरून फिरवायचा. दात राखण्याची शिस्त असली तर ती अशीच असते. ज्या वस्तूने हात चुकतो ती वस्तू माणूस हातापासून दूर करतो.

उरला प्रश्न देवाच्या दिव्याचा. चूळ न भरता संध्याकाळी दिवा कसा लावायचा? गोदा दोन दिवस दिव्याशिवाय बसली. तिसऱ्या संध्याकाळी विमला आली, तिने समई घासली, वात लावली, दिवा लावला आणि जाता जाता म्हणाली, "तुझा देव पंधरा दिवस मी सांभाळतंय. तू तुझे दात सांभाळ. पण देवाला सांगून ठेव, पुढं तुझ्याकडून याज घेन मी." त्या रात्री तिच्या नवऱ्याचा, शिवाचा, मुंबईहून फोन आला तेव्हा हे सांगताना गोदा पहिल्यांदाच रडली.

दोन आठवड्यांनी टाके निघाले. महिन्याने डॉक्टरांनी मऊ ब्रश दिला आणि हिरडीकडून दाताकडे, एकाच दिशेने, न घासता फिरवायला शिकवले. ज्या बाईने दीडशे मुलांना ब्रश धरायला शिकवले होते ती खुर्चीत बसून विद्यार्थ्यासारखी शिकली, आणि चुकल्यावर पुन्हा करून दाखवू का, असे विचारू लागली. मशेरी सुटून अडीच महिने होत आले होते. पहाटेच्या बैठकीला ती अजून जात होती. आता ती चहा घेऊन जाई, आणि दोघीतिघींनी तिच्याबरोबर आधी चहा आणि मग मशेरी असा क्रम सुरू केला होता. ते फार मोठे परिवर्तन नव्हते. पण मशेरीशिवायही तो अर्धा तास बाईचा असू शकतो, हे तिथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिले होते.

फाल्गुनात शेवटची तपासणी होती. विमला सोबत होती. ती बाहेरच्या बाकावर बसली. आत डॉक्टरांनी बारीक पट्टीने मोजले, दोनदा मोजले, आणि चष्मा वर सारला.

"चार मिलिमीटर उघडं होतं, गोदाताई. आता अर्धासुद्धा नाही. दात घट्ट आहेत. हिरडी लागली."

"लागली?"

"पूर्ण लागली. हे दात तुमच्याबरोबर राहणार."

गोदा खुर्चीत सरळ बसली. "म्याडम, परत सांगा."

"हिरडी लागली."

"तसं नाय. मोठ्यानं सांगा. भायेर आक्का बसलेय."

डॉक्टरांनी दाराकडे तोंड करून आवाज चढवला, "विमलाताई! दात वाचले हो!"

"ऐकलं, ऐकलं! बहिरी नाय मी!" बाहेरून विमलाचा आवाज आला, आणि पाठोपाठ बाकावर वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसांना ती सांगू लागली की आत बसलेली बाई तिची धाकटी जाऊ आहे, आणि वीस मिनिटे लिहिली होती तरी आपण बावीस धरायला लावली होती.