न फुटणारा नंबर

जगातल्या यच्चयावत संख्यांशी माझ्या सासऱ्यांचे घरोब्याचे संबंध होते, माणसांशी जेमतेम. मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच भाग जात नाही अशी, दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. बाकीच्या सगळ्या त्यांच्या लेखी ‘फुटक्या’. गाडीची पाटी म्हणू नका, गॅसचा ग्राहक क्रमांक म्हणू नका, कशाचीच सुटका नसे. आम्ही पुण्याच्या टोकाला, मांजरी गावात, उसाच्या फडाशेजारी दहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला सगळे बाल्कनीत वारा खात होते आणि हे दारावरच्या १००१ कडे बघत उभे.

“शुभ आकडा आहे, बाबा,” मी म्हणालो.

“सात, अकरा आणि तेरा. तिघांचा गुणाकार. तुम्ही घर घेतलंत की धर्मशाळा?”

सासूबाई गेल्यावर ते पेठेतल्या घरात एकटेच राहत. एकदा त्यांना न्हाणीघरात चक्कर आली आणि आम्हाला ते शेजाऱ्यांकडून कळलं. माझी बायको हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होती. “आजच्या आज त्यांना मोबाइल घेऊन द्या,” असं तिने फर्मावलं, म्हणून मी त्यांना बुधवार पेठेतल्या एका दुकानात नेलं. दुकानदार कौतुकाने एकेक नंबर दाखवू लागला.

“हा बघा, शेवटी पाच-पाच-पाच.”

“पाचने भाग जातो.”

“मग हा?”

“आकड्यांची बेरीज करा. तीनच्या पटीत येते. फुटका.”

“आजोबा,” दुकानदार शेवटी म्हणाला, “नंबर लावायचा असतो, फोडायचा नसतो!”

एक दहा आकडी नंबर मात्र सहजी फुटेना. तो घेतला, पण घरी आल्यावर फोन बंदच. “खात्री झाल्याशिवाय चालू करणार नाही,” असं म्हणून त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर भागाकार सुरू केले. फोन बंद, म्हणून बायको रोज ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊ लागली. तिच्या संगणकाने तिला पहिल्याच दिवशी क्षणात सांगितलं होतं, की हा नंबर एका चार आकडी संख्येने फुटतो.

“मग सांग की त्यांना,” मी म्हणालो.

“सांगते,” ती म्हणाली. सांगितलं नाही. उलट स्वतःच भागाकाराला बसली. मध्ये चहा, समोरासमोर बाप-लेक. हे म्हणायचे, “हातचा विसरलीस.” ती म्हणायची, “तुमचा सात एकासारखा दिसतो, बाबा.” घरी येताना ती गुणगुणत यायची.

मग एका रविवारी माझा फोन वाजला. “जावईबापू, फुटला! अहो, काय सुरेख फुटला!” बायकोने फोन हिसकावून घेतला आणि आश्चर्याचा असा काही अभिनय केला, की मीच क्षणभर फसलो.

“मग आता नंबर बदलायचा, बाबा?”

“छे! इतकी ओळख झाल्यावर?”

तेव्हापासून फोन चालू राहिला. बायको ऑफिसच्या बसमधूनच त्यांना विचारायची, जेवलात का, गोळी घेतलीत का. हिंजवडीहून मांजरी म्हणजे गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. वाटेत पेठेत उतरणं हळूहळू राहूनच गेलं. पुढे एकदा मी सहज डोकावलो, तर त्यांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, “जावईबापू, हा फोन समजा बिघडला, तर दुरुस्तीला किती दिवस लागतात हो?”

मी ते बायकोला जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घरी यायला बराच उशीर झाला.