मोहाखालचा फौजी

कोणाच्याही घरी गेले की फौजीभाऊ आधी दारातल्या चपला ओळीत लावायचे. आपल्याच नव्हे, सगळ्यांच्या. मग ताठ उभे राहून म्हणायचे, "फौजेत असं नसते." एवढं झाल्यावरच आत येऊन चहा मागायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला सगळं जग थोडं वाकडं ठेवलेलं दिसतं.

भामरागडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा मास्तर. घंटा जरा उशिरा वाजली की फौजीभाऊ फाटकात हजर. ग्रामसभेत लोक मांडी घालून बसले, तर फौजेत असं नसते. उकिडवे बसले, तरी नसते. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर मात्र ते गुपचूप जेवायचे. फौजेची शिस्त त्यांच्या उंबऱ्याबाहेर सुरू होत असे.

सीमेवरच्या त्यांच्या गोष्टी गावाला तोंडपाठ होत्या. चहूकडे बर्फ, आणि दुश्मन इतका जवळ की त्याचा खोकला ऐकू येई. "मग तुमी काय केलं, भाऊ?" असं कोणी विचारलं की ते आवाज खाली आणत. "ते सांगाची परवानगी नाई." लग्नकार्यात ते मांडवात कमी आणि कढईजवळ जास्त दिसत. आम्हाला वाटायचं, फौजी माणूस, व्यवस्था बघतोय.

मोहाच्या दिवसांत आमच्याकडे एक जुनी सोय आहे. झाडाखाली पाला साचला की पडलेली फुलं दिसत नाहीत. म्हणून पाला जाळून जमीन साफ करायची आणि पहाटे फुलं वेचायची. प्रत्येक घराचे मोह ठरलेले, त्यामुळे प्रत्येक घराची आगही वेगळी. फौजीभाऊ तर आपल्या मोहाभोवती काठीने रेघ ओढून आगीला बजावायचे, "याच्या पुढं जायचं नाई."

त्या वर्षी वारा सुटला आणि आगीने कोणाचीच रेघ मानली नाही. जंगल पेटलं, टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली घरं गेली, कोठीतलं धान गेलं. माणसं नाल्यात उतरली म्हणून वाचली. आग कोणाच्या झाडाखालून सुटली हे अजून कळलेलं नाही, कारण ज्याने त्याने आपली नीट विझवली होती. इतक्या जणांनी विझवलेली आग एवढं जाळते कशी, हे विज्ञान मला शाळेत शिकवता आलेलं नाही.

आग शांत झाल्यावर रिवाजाप्रमाणे मदत आली. आधी पुढारी आले. त्यांनी राखेत उभं राहून फोटो काढले आणि पांढऱ्या बुटांबद्दल हळहळ व्यक्त केली. मग फौज आली. आमच्या भागाला गणवेश नवा नाही, पण ब्लँकेट घेऊन आलेला गणवेश नवा होता. भर एप्रिलात, आगीतून निघालेल्या माणसांना जाड लोकरी ब्लँकेटं. गावाने ती निमूट घेतली आणि सावलीसाठी बांबूंवर टाकली. जवान मात्र मनापासून राबले, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी विहिरी उपसल्या, भाजलेल्यांना मलमपट्टी केली, आणि आम्हाला चार घास सुखाचे मिळाले.

फौजीभाऊ जुनी टोपी घालून रस्त्याच्या कडेला उभे असत. येणाऱ्या प्रत्येक ट्रकला सलाम. पाण्याच्या टँकरलाही सलाम. गावाला मोठा धीर आला होता, की आपला माणूस आता त्याच्या माणसांशी बोलेल.

बोलायची वेळ लवकरच आली. पावसाळ्याआधी टोल्यातल्या लोकांसाठी पत्र्याच्या शेड उभारायच्या होत्या. रस्त्यालगत सपाट जागा एकच, मोहाच्या राईची. झाडं बुडापासून शेंड्यापर्यंत काळी पडली होती. कॅप्टन तरुण होता आणि भला होता. तो म्हणाला, झाडं मेलीत, वादळात लोकांच्या अंगावर पडतील, उद्या कापून टाकू. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण घर दोन महिन्यांत उभं राहतं, आणि मोह लावणारा आजा त्याचं फूल खायला उरत नाही.

टोल्यातली एक म्हातारी बाई फौजीभाऊंसमोर आली. "तुमी सांगा न त्याईले. मोह गेले त आमी खाऊ काय?"

"हुकूम म्हणजे हुकूम असते, बाई. फौजेत..." ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

सकाळी करवतीचं यंत्र घेऊन जवान राईत गेले, तर पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी फौजीभाऊ बसलेले. झाड त्यांचं नव्हतं, त्या म्हातारीचं होतं. कॅप्टन म्हणाला, "बाबा, हटिए." फौजीभाऊ उठले, कडक सलाम केला आणि पुन्हा खाली बसले. इतकी अदबशीर हुकूमभंगाची पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

"ये पेड़ मर चुके हैं, बाबा."

"मर गये होंगे, साहब. मेरेको नहीं मालूम. एक बरसात देखने दो."

"आप फौज में थे न? ऑर्डर समझते हैं? क्या थे आप?"

सगळा गाव जमला होता. मीही मान पुढे केली, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांची परवानगी आज मिळणार होती. फौजीभाऊंनी एकदा आमच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"रसोइया था, साहब. लंगर में. बॉर्डर नहीं देखा."

आमच्या गावात मयताला जाताना कोणी घसरला तरी लोक हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

ते पुढे म्हणाले, "शेड के वास्ते मेरी बांधी लो. रस्ते को लगी है. मुरूम डालो, बन जायेगा."

बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत. त्यांची ती एकच चांगली होती. कॅप्टनने काळ्या झाडांकडे एकदा पाहिलं आणि करवत परत पाठवली. दुपारी बांधीत मुरूम पडला. शेजारी सांगतात, त्या रात्री घरच्या भाजीत मीठच नव्हतं आणि फौजीभाऊ ताट पुसून जेवले.

फौज गेली. शेड राहिल्या, आणि बांधीत पुन्हा धान झालं नाही. फौजीभाऊ चपला ओळीत लावेनासे झाले. मी मुद्दाम उशिरा घंटा दिली, तर फाटकात कोणी नाही. त्यांच्या दारात माझ्या चपला मी पायाने वाकड्या केल्या. त्यांनी पाहिलं आणि ते त्या ओलांडून आत गेले. मला फार वाईट वाटलं. ज्या वाक्याने वर्षानुवर्षं डोकं उठवलं, ते ऐकायला मी तरसत होतो.

एकदा ती म्हातारी त्यांना म्हणाली, "भाऊ, बर्फाची गोष्ट सांगा न."

"ते खोटी होती, बाई."

"अशीन खोटी. पण चांगली होती."

"परवानगी नाई," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

पावसात काळ्या सालीतून तांबूस पानं फुटली. बहुतेक मोह जगले. फौजीभाऊंचा स्वतःचा मात्र फुटला नाही. ते रोज जाऊन त्याला हात लावून येत.

थंडीत एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत ते गेले. घरच्यांनी त्यांच्यावर ते लोकरी ब्लँकेट पांघरलं. सरकारी मदत अखेर वेळेवर पोचली.

यंदा मोह पडू लागला तेव्हा पाला कोणी जाळला नाही. बायकांनी खराट्याने झाडून काढला. मी सकाळी राईत गेलो. प्रत्येकीने आपल्या झाडाखालची पहिली ओंजळ एका टोपलीत टाकली होती, ती फौजीभाऊंच्या घरची. मग साऱ्या टोपल्या त्यांच्या वाळल्या मोहाखाली आणून ठेवल्या. ओळीत ठेवायचा प्रयत्न दिसत होता, पण ओळ वाकडीच झाली होती.

मी सरळ करायला वाकलो.

"राहू द्या, मास्तर," म्हातारी म्हणाली. "आता कोण बोलून राह्यलं."