कमानीखाली उभा राहणारा

इंग्लंडातल्या यॉर्कशायरात सायलस हेब्डनचं नाव निघालं की लोक हटकून सांगत, हा इंजिनिअर आपल्या पुलाखाली स्वतः जाऊन उभा राहतो. काय ती छाती, म्हणत. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

खाणीतल्या पाथरवटाचं हे पोर. बाप लवकर गेला. थोरल्या भावाने, जोनसने, पोटाला चिमटा काढून त्याला शिकवलं, आणि सायलस कालव्याच्या कामावर साहेब झाला तेव्हा त्याच्याच हाताखाली गवंडी म्हणून हौसेने राबला. आमच्या साहेबाचं नाक मीच पुसायचो, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा.

त्या मुलखात रीत होती. बांधताना कमान तोलून धरणारा खालचा लाकडी साचा काढताना, माथ्याचा शेवटचा दगड बसवणाऱ्या गवंड्याने खाली उभं राहायचं. सायलसच्या पहिल्या पुलाचा तो दगड जोनसने बसवला. मग कडाक्याची थंडी पडली. साचा काढायच्या आदल्या दिवशी सायलसने सांध्यात नख घालून पाहिलं, तर चुना लोण्यासारखा मऊ. पण कालव्याचे मालक सहकुटुंब यायचे होते, बँड ठरला होता, आणि थांबा म्हटलं तर पुढचं काम दुसऱ्याच्या घशात जाणार होतं.

खाली उतरता उतरता जोनसने विचारलं, "चुना धरलाय ना रे?"

"धरलाय, दादा."

"मग झालं तर. तू म्हणतोयस ना."

साच्याखालच्या पाचरी निघाल्या आणि कमान कोसळली. जोनस ढिगाऱ्याखाली गेला. चौकशीत सगळा दोष थंडीवर गेला, मालकांनी सायलसला धीर दिला. भावजय केझियाने तेवढं विचारलं, "भाऊजी, तुम्ही कुठे उभे होता?" तो वर, मालकांच्या शेजारी उभा होता.

पुढे त्याने आयुष्यभर पूल बांधले. दर वेळी गवंड्याला बाजूला सारून स्वतः खाली जायचा. एखादी तरी कमान अंगावर यावी, असं त्याला मनापासून वाटे. पण चुना पुरता धरेपर्यंत साच्याला तो कुणाला हात लावू देत नसे, त्यामुळे एकही पडली नाही.

शेवटच्या पुलाच्या वेळी तो काठी टेकत खाली गेला. साचा निघाला. कमान तसूभर हलली नाही. वर लोक टोप्या उडवत होते. सायलसने सांध्यात नख घातलं. नख मोडलं.

"धरलाय रे, दादा," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.