काकांचं टेकाड

जबलपुरातल्या एकाही उंचवट्याला नुसता उंचवटा राहू द्यायचं नाही, असा आमच्या शेजारच्या काकांचा बाणा होता, आणि या वेडाला जबाबदार मी आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घमापूरच्या आमच्या एका खोलीत अभ्यास होईना, म्हणून काकांनी आपली ओसरी आणि टेबलफॅन मला देऊन टाकला. त्या बदल्यात मी त्यांना इतिहासाचे धडे मोठ्याने ऐकवत असे. त्यात नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांचा धडा त्यांना फार भावला. मृतांवर माती-दगड रचून टेकाडं उभारणारे ते लोक. मग फॅक्टरीतून रिटायर झालेला हा माणूस रविवारी स्कूटर काढायचा, शहराच्या टोकाला गढा वस्तीकडचा एखादा ढीग हेरून मला तिथे न्यायचा. "बोल प्रोफेसर, कितीक जुनं?" प्रोफेसर कसला, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. तरी एकदा ढिगावर चढून, कमरेवर हात ठेवून मी सांगितलं, "चार-पाच हजार वर्षं. नक्की." पलीकडून वीटभट्टीवाला ओरडला, "भैया, उतरो! परसों की राख है, अंदर से गरम है!" माझ्या चपलेचा तळ तिथेच चिकटून राहिला. काका मात्र गल्लीभर सांगत सुटले, "राख निघाली, पण पोरगं बोललं मस्त!"

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने त्यांना कायमचं नागपूरला न्यायचं ठरवलं. काका हलेनात. समजूत घालायला शिकलेला माणूस हवा, म्हणून त्याने मला पाठवलं. मी भाषण पाठ करून गेलो. काकांनी ते दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

"ते राहू दे. ते टेकाडवाले लोक आपली माणसं शेतापाशीच काहून पुरत होते?"

मी खुललो. "शेती आली तसे लोक एका जागी राहू लागले, काका. जमिनीचे कागद कुठे होते? आमची माणसं इथे आहेत, म्हणून आम्ही इथले. टेकाड हाच कागद."

"अच्छा. चलो."

गढ्याच्या पुढे, तळ्यामागे, गुडघ्याएवढा दगडमातीचा ढीग होता. सवयीने माझा हात कमरेवर गेला. "काका, हे काही जुनं वाटत नाही."

"नाहीच. माझी पोरगी आहे. अकरा दिवसांची गेली. एवढ्या लहान लेकराले जाळत नाहीत ना. आज असती तर तुझ्याहून मोठी असती." ते खाली बसले. "दर पावसाळ्यानंतर माती घालून राहिलो मी. नागपूरले गेलो तर कोण घालीन?"

"मी घालीन."

"तू? तू हिले चार हजार वर्षांची ठरवशील!" काका हसले, आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.

दिवाळीआधी ते नागपूरला गेले. यंदा पाऊस थांबल्यावर मी माती घेऊन तिथे गेलो. एक गुराखी थांबला. "भैया, यहाँ कौन है?"

"हमारी बड़ी दीदी," मी म्हणालो.