निंबाच्या तळ्यातले मासे आणि नेव्हीवाले नाना

चुडामण नानांनी गावातल्याच निंबा शेतकऱ्याच्या शेततळ्यात बॉम्ब टाकून मासे मारले, हे श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी नऊच्या आत आमच्या अख्ख्या गावाला माहीत झालं. माझा त्यात हात एवढाच, की मी चार जणांना विचारलं, "खरं का हो?"

खरं एवढंच, की नानांनी पाण्यात बॉम्ब टाकलेत. पण ते समुद्रात, नेव्हीत असताना, आणि तेही सरावाला. आमचं गाव पारोळ्यापासून आठ किलोमीटर. अठराव्या वर्षापर्यंत ज्यानं विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तो माणूस पंधरा वर्षं जहाजाच्या मागच्या टोकाला डेप्थ चार्ज सांभाळत उभा राहिला. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी भरलेलं लोखंडी पिंप. किती खोलीवर फुटायचं ते आधी लावून ठेवायचं, पाणबुडी असेल असं वाटतं तिथं लोटायचं आणि जहाज पळवायचं. नाहीतर आपलीच शेपटी उडते.

"पाणबुडीला लागायला पाहिजे असं नाही," नाना सांगतात. "पाणी दबत नाही ना भाऊ. शेजारी फुटलं तरी धक्क्यानं पत्रा चेपतो."

आणि पाणबुडीवाले म्हणे महाबिलंदर. मेल्याचं सोंग करायला तेल आणि फाटके कपडे वर सोडून देतात. त्यामुळे वर तरंगतं त्यावर भरवसा नाही, हे नानांच्या हाडात मुरलंय. दुधावरची साय सारून खाली बघतात, केळीचा घड उलटा करून घेतात. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणतात, "जावयालाबी दोनदा उलटसुलट पाहिलं यांनी!"

असा दुसऱ्यावर संशय घेणारा माणूस स्वतः संशयात सापडला, तर मजा कोणाला वाटणार नाही? मी सगळ्यांच्या आधी तळ्यावर पोचलो.

रोहू पांढरी पोटं वर करून पडले होते. वर्षभर वाढवलेले मासे. निंबा लालबुंद झालेला. नाना आले तसा तो ओरडला, "रविवारी तुम्हीच म्हणाले ना, 'निंबा, तुझे मासे मरतील'? तुमाले आधी कसं माहीत? मी पोलिसात जातो!"

प्रश्न बिनतोड होता. मीही मान हलवली. चौकीवर नानांचं नाव गेलं असतं तर पंधरा वर्षांच्या नोकरीची इज्जत एका तळ्यात गेली असती. नाना फक्त म्हणाले, "चाकू आन."

निंबा दोन पावलं मागं सरला. "कशाले?"

"तुले नही कापत. मासा कापस."

नानांनी काठावर बसून एका रोहूचं पोट फाडलं. आत पांढरी, फुग्यासारखी टम्म पिशवी.

"ही हवेची पिशवी. पाण्यात स्फोट झाला असता तर आधी ही फुटली असती, पोटात रक्त साचलं असतं. पाणबुडी काय न् मासा काय, आत हवा असली की धक्का तिथंच बसतो."

"हा मासा तुम्ही निवडला नाना," मी म्हणालो. शंका काढायला कुणी तरी हवं ना? मग मी स्वतः पलीकडच्या कोपऱ्यातून तीन मासे काढले. तिन्हींच्या पिशव्या शाबूत.

"आता तोंडं पाहा. बठ्ठ्यांची, एकूण एकाची उघडी," नाना निंबाला म्हणाले. "श्वासाला मेले. पाणी शेवाळानं हिरवंगार, आणि ऊन नसलं की ते शेवाळच पाण्यातली हवा खातं. पाच दिवस ऊन नाही, लाईट नाही म्हणून तुझं हवेचं मशीन बंद. रविवारी पहाटे मासे वर येऊन हवा गिळत होते, म्हणून सांगितलं. तुला ती धमकी वाटली."

निंबानं बंद मशीनकडं पाहिलं. मशीन किती दिवस बंद होतं, ते त्यानं मनातल्या मनात मोजलं असावं. मग हळूच म्हणाला, "चुकलं नाना. पण बठ्ठा गाव तुमचं नाव घेऊ राहिलाय. आते मी कोनाकोनाले सांगू?"

नानांनी चाकू धुतला आणि त्याच चाकूनं माझ्याकडं बोट केल्यासारखं केलं.

"याच्या एकट्याच्या कानात सांग. आन कोनाले सांगू नको म्हन. सांजपर्यंत पारोळ्याले पोचस."