एसएसडीला वाहिलेल्या अक्षता

मी आजवर दीडशेहून अधिक विमानं पाडली आहेत आणि त्यांतलं एकही शत्रूचं नव्हतं.

सगळी मी स्वतः चालवत असलेली! डोंबिवली पूर्वेला, आमच्या बाहेरच्या खोलीत, केतकीच्या कॉलेजच्या वेळच्या कॉम्प्युटरवर. केतकी ही आमची एकुलती एक लेक, लग्न होऊन बंगळुरूला असते. तिला सातवा महिना लागला, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, म्हणून डोहाळजेवण तिथेच करायचं ठरलं आणि तिने आम्हा दोघांची विमानाची तिकिटं परस्पर काढून पाठवली. मंगलने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, त्याच दिवशी हिरवी साडी इस्त्रीला दिली. मी मात्र हादरलो. साठी उलटली तरी मी विमानात पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि टाकायचा विचारही नव्हता. (मला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरूनही खाली बघवत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून पाण्याची टाकी बघायला जातो, पण टाकीला धरून.)

"भीती अज्ञानातून येते," मी मंगलला म्हणालो. "मी विमान चालवायलाच शिकतो."

"अहो, आपल्याला मागे बसायचंय!"

"मागे बसणाऱ्याला कळायला नको, पुढचा काय करतोय ते?"

झालं! फ्लाइट सिम्युलेटर घातला. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात मंगलचा कुकर लागून, शिट्ट्या होऊन, वाफ जिरून वरण घोटून व्हायचं. एकदा का उडालो की मी छान उडायचो. उतरताना मात्र, धावपट्टी समोर आली की चित्र थिजायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा मी ठाण्याच्या खाडीत असायचो! खाडी चुकलीच तर विठ्ठलवाडीच्या आसपास कुठेतरी. आठवड्याभरात माझी भीती जायच्या ऐवजी तिला पुरावे मिळाले.

मग मी आमच्या म्हात्रेबाईंना फोन लावला. मूळच्या इथल्याच, मानपाड्याच्या बाजूच्या. स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात आणि गिऱ्हाइकाशी कधीही खोटं बोलत नाहीत, ही त्यांची एकच खोड.

"काका, तुमची हार्डडिस्क म्हातारी झाली. एसएसडी टाका, नव्या जातीची डिस्क. लवकर सुरू होईल, मधी थांबणार पन नाय फारसं."

"मग विमान नीट उतरेल ना?"

"ते मी बोलले नाय."

पण एवढं पुढचं ऐकायला मी फोनवर होतो कुठे? मी ठाण्याला, नौपाड्यातल्या कॉम्प्युटरचे भाग विकणाऱ्या दुकानात पोचलोसुद्धा होतो (मनाने). दुसऱ्या दिवशी देहाने जाऊन एसएसडी घेऊन आलो. पत्त्यांच्या जोडाएवढी चपटी, काळी डबी! म्हात्रेबाई सकाळी बसवायला येणार होत्या.

मंगल लगेच हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. आमच्या घरी नवीन वस्तू आली की हळदकुंकू लागल्याशिवाय ती वापरात येत नाही. मिक्सरला लागलं, गीझरला लागलं, गॅसच्या नव्या शेगडीला तर हारही घातला होता.

"अगं, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे!" मी तिला चांगलं दहा मिनिटं विज्ञान समजावलं. तिने ऐकून घेतलं, खोक्याच्या झाकणावर कोरडं कुंकवाचं बोट टेकवलं आणि भाजी आणायला गेली.

घरात मी एकटा उरलो. समोर ती काळी डबी आणि डोक्यात बंगळुरूची धावपट्टी. खरं सांगतो, मला मनापासून भीती वाटत होती. आणि माणूस घाबरला की त्याचं विज्ञान सर्वात आधी घाबरतं. मी हात धुतले, कुंकू पाण्यात कालवलं, डबी बाहेर काढली. लावायचं कुठे? सगळीकडे काळं. अशुभच! एका कडेच्या खाचेत मात्र बारीक सोनेरी पट्ट्या चमकत होत्या. त्याहून शुभ जागा कोणती? तिथे ओलं कुंकू लावलं, वर दोन अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि डबी परत खोक्यात ठेवली.

म्हात्रेबाई आल्या. त्यांनी डबी बसवून पाहिली. बसेना. जोर लावला. बसली, पण कॉम्प्युटर तिला ओळखच दाखवेना. त्यांनी डबी काढली, उजेडात धरली आणि चिमट्याने खाचेतून काहीतरी ओढून काढलं.

"काका, हा तांदूल हाय."

"मंगल!" मी गरजलो. "तुला सांगितलं होतं ना! दहा मिनिटं सांगितलं होतं!"

मंगल आत गेली. तिने खोक्याचं झाकण आणून दाखवलं. त्यावर कोरडा, नीटनेटका ठिपका. मग तिने माझा उजवा हात उचलून म्हात्रेबाईंच्या पुढे धरला. अनामिकेचं टोक अजून लाल होतं.

"अजून कुठे वाह्यल्यात अक्षता?" म्हात्रेबाईंनी तपासाच्या आवाजात विचारलं.

"दोनच होत्या," मी म्हणालो.

त्यांनी दुसरीही शोधून काढली. मग ब्रश आणि स्पिरिट घेऊन तासभर ते कुंकू घासलं, जुन्या डिस्कवरचं सगळं नवीन डिस्कवर उतरवलं, आणि अखेर सिम्युलेटर सुरू केला. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत मी आकाशात! चित्र कुठे थिजेना. धावपट्टी स्वच्छ समोर आली, एकेक रेघ दिसली, आणि मी स्वच्छ खाडीत गेलो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा खाडी. पूर्वी दिवसातून दोनदा पडायचो, आता चहा निवायच्या आत चारदा पडलो.

"मशीन झकास चाललंय," म्हात्रेबाई पिशवी आवरत म्हणाल्या. "आता जे काय हाय ते तुमचं हाय."

डिस्कवर ढकलायची सोय गेली तसा माझा उरलासुरला धीर सुटला. मी केतकीला फोन करून सांगितलं, गुडघा दुखतोय, आईला एकटीला पाठवतो.  ती म्हणाली, "बाबा, ओटी आई भरेल. पण मला समोर तुम्ही पण दिसायला हवे होतात."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की गुडघा तिथल्या तिथे बरा झाला.

गेलो. पट्टा बांधला, डोळे मिटले आणि सबंध प्रवासभर मंगलचा हात सोडला नाही. विमान खाली यायला लागलं तशी मी खाडीची वाट बघू लागलो. एक धक्का बसला, थोडी घरघर झाली, आणि मंगल म्हणाली, "अहो, उतरलोय. हात सोडा, बांगड्या रुतल्यात."

दाराशी वैमानिक बाई सगळ्यांना हसून निरोप देत उभ्या होत्या. माझा ऊर भरून आला. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि अगदी मनापासून म्हणालो, "कमाल आहे मॅडम! पहिल्याच प्रयत्नात!"

मंगल मला ओळखत नसल्यासारखी झपाझप पुढे निघून गेली.