कांड्यांचा प्रयोग

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकतात. माणूस वाईट नाही, असं ताईचं म्हणणं. मी म्हणायचे, वाईट असायलाही थोडं डोकं लागतं.

त्यांचा सगळा रुबाब एका प्रयोगावर उभा. दोन ग्लास मांडायचे. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात यंत्राचं. दोन्हींत लोखंडी कांड्या सोडून वीज चालू करायची. बघता बघता नळाचं पाणी तांबूस, गढूळ, वर गंजकट साय. यंत्राचं मात्र लख्ख. मग भाऊजी आवाज खाली आणत, "बघा वहिनी, हे विष पाजताय तुम्ही लेकरांना." वहिनी पांढऱ्याफटक पडत आणि यंत्र घेऊन मोकळ्या होत.

आमच्याकडे जेवायला आले तरी पाण्याची बाटली स्वतःची. माझ्या सासूबाईंनी पुढे केलेला पेला त्यांनी उजेडात असा धरला, जणू आत झुरळ पोहतंय. सासूबाई तेव्हापासून त्यांना 'जलशुद्धी' म्हणतात.

एकदा एका मोठ्या सोसायटीच्या सभेत त्यांचा प्रयोग ठरला. टाळ्या वाजवायला ताईला आणि मलाही नेलं. बोलून बोलून भाऊजींचा घसा बसलेला, म्हणून ताईने गुळण्यांसाठी यंत्राचंच पाणी कोमट करून, मीठ घालून सोबत घेतलेलं. शेजारी प्रयोगासाठीच्या यंत्राच्या पाण्याची बाटली, अगदी तशीच. सभा सुरू होईपर्यंत कोमट पाणीही गार झालं, आणि भाऊजींनी मोठ्या ऐटीत नेमकं तेच ग्लासात ओतलं.

'शुद्ध' पाणी नळाच्या पाण्याच्या आधीच भडकलं. हिरवट झालं, मग तपकिरी, वर फेस.

पुढच्या रांगेतले आजोबा म्हणाले, "अहो, तुमचं यंत्र घाण काढतं की घालतं?"

सभा खदखदून हसली. भाऊजींनी आधी ग्लासला दोष दिला, मग वायरला, शेवटी वीज मंडळाला.

घरी आल्यावर ताईने पिशवी उपसली. प्रयोगाची बाटली भरलेली, गुळण्यांची रिकामी. भाऊजींनी तिथेच स्वयंपाकघरात यंत्राचं पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, कांड्या सोडल्या. पुन्हा तपकिरी.

ताई म्हणाली, "अहो, म्हणजे ती पाण्यातली घाण नव्हेच. पाण्यात मीठ, क्षार असले की वीज वाहते आणि या कांड्याच गंजून पाण्यात उतरतात. यंत्र क्षार काढून टाकतं, म्हणून त्याचं पाणी लख्ख राहतं, एवढंच."

भाऊजींनी कांड्या पुसायला घेतल्या. मला वाटलं, आता लाज वाटेल, दोन शब्द बरे बोलतील.

"हे कुणाला सांगू नकोस," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी त्याच कांड्या घेऊन बाहेर पडले. तोवर निदान स्वतः तरी फसलेले होते. आता सगळं ठाऊक असूनही "विष" म्हणताना त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त भरून येऊ लागला. कंपनी एवढी खूश, की नव्या विक्रेत्यांना शिकवायला त्यांनाच नेमलं. पोरं 'सर, सर' करत मागे फिरतात, आणि सर फुगतात.

परवा ताईची शेजारीण तिच्या दारात आली. "वहिनी, घेऊ का हो यंत्र?"

भाऊजी आत कान टवकारून बसलेले.

"आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या," ताई म्हणाली. "जंतू निघाले तर उकळून प्या. क्षार फार निघाले, तरच यंत्राचं बघा."

भाऊजींनी आठवडाभर अबोला धरला. ताई म्हणते, लग्न झाल्यापासून घरात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.